वाचून दाखवले, बरोबर आहे

३ जून

चि. बारकीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या समितीचा मसुदा काल आमच्या महाविद्यालयात येऊन थडकला. ‘विद्यापीठांतील मानवी हक्क शिक्षणाचे धोरण’. खाली ‘सदस्य-सचिव’ आणि पुढे तुझं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. प्राचार्यांनी शिक्षकांच्या खोलीत तो सगळ्यांना दाखवला आणि ही तुमची कोण, असं मला विचारलं. धाकटी बहीण म्हटल्यावर त्यांनी उठून माझं अभिनंदन केलं. बावीस वर्षं मी दर शनिवारी ग्रंथालयामागच्या खोलीत हाच विषय शिकवते. त्या बावीस वर्षांत त्यांना, किंवा त्यांच्या आधीच्या तिघांना, कधी उठावंसं वाटलं नव्हतं.

आता स्पष्टच लिहिते, कारण आडून लिहिणं आपल्या घरात कुणाला जमलेलं नाही. मला आनंद झाला नाही. पोटात दुखलं. तू आयुष्यात एक तास वर्गात उभी राहिली नाहीस. खडूने बोटं पांढरी झाली नाहीत तुझी. तू फायलींवर शेरे मारायचीस आणि आता देशभरच्या प्राध्यापकांना सांगणार की हक्क कसे शिकवायचे!

पण हेही एकवेळ मी गिळलं असतं. मग सातवा परिच्छेद वाचला. विद्यार्थ्याने आवारात काम करणाऱ्या एका माणसाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, त्याला वाचून दाखवावी, तो ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं म्हणेपर्यंत दुरुस्त करावी. अगं, हा माझा वर्ग आहे! आणि खाली उदाहरण कुणाचं? आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशींचं. मुलीने लिहिलं होतं की यांना सुरक्षिततेचा हक्क नाकारला जातो. मावशी म्हणाल्या होत्या की असलं काही मी बोलले नाही, हातमोजे पुरुषांच्या मापाचे येतात, ते गळून पडतात, मला माझ्या मापाचे हवेत. तीनदा वाचून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. तो कागद प्राचार्यांकडे गेला, त्यांना लेखी आदेश काढावा लागला आणि मापाचे हातमोजे आले. तू त्या दिवशी मागच्या बाकावर बसली होतीस, पाहुणी म्हणून. वही काढून काय लिहीत होतीस ते आता कळलं.

वाचून दाखवायची पद्धत बाबांची. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून देताना ते कुणाचीही सही वाचून दाखवल्याशिवाय घेत नसत, आणि खाली स्वतः चार शब्द टाइप करत: वाचून दाखवले, बरोबर आहे. ती पद्धत मी वर्गात आणली. मसुद्यात ना बाबांचा उल्लेख, ना माझा. ‘काही ठिकाणी असा प्रयोग यशस्वी झाला आहे’ म्हणे. मी काही ठिकाण झाले!

आईचे गुडघे बरे आहेत. तिला मसुदा दाखवला, तर तुझं नाव तिने बोट फिरवून दोनदा वाचलं. पुढचं वाचलं नाही.

माया आटलेली नाही, पण सध्या तिच्यावर फार भार टाकू नकोस.

तुझी,
ताई


११ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदाला दार लावून घेतलं. बाहेरच्या टेबलावरच्या टंकलेखिकेने नंतर विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. म्हटलं, एकदम ठीक, बहिणीचं पत्र आहे.

बाबा काय तुझ्या एकटीचे होते? शाळा सुटल्यावर त्यांच्या टेबलाखाली बसून मीही त्यांचं वाचून दाखवणं ऐकलंय. तू कॉलेजात होतीस तेव्हा कार्बन मी लावत होते. नंतर वाटणी झाली तेव्हा टाइपरायटर तुझ्याकडे गेला, पद्धत तुझ्याकडे गेली, आईसुद्धा तुझ्याकडेच. माझ्या वाट्याला आली ती सरकारी नोकरी, आणि जो तो म्हणतो की बारकीने नशीब काढलं.

नाव न घालण्याचं कारण ऐक. मसुद्यात कुठल्याच व्यक्तीचं वा संस्थेचं नाव येत नाही, हा नियम आहे. मी घालायचा प्रयत्न केला होता. आमच्या अध्यक्षांनी, ते माजी न्यायाधीश आहेत, हिरव्या पेनाने खोडलं. तुला आधी कळवायला हवं होतं, हे मात्र खरं. घाबरले. तू म्हणाली असतीस की घेऊ नकोस, आणि त्या परिच्छेदाशिवाय माझ्या मसुद्यात नुसत्या मोठमोठ्या शब्दांची भर होती.

मला त्या मागच्या बाकावर काय वाटलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. तेवीस पोरं, एक मोडकी खिडकी, आणि तू बोलायला लागल्यावर एकही जण घड्याळाकडे बघत नव्हता. माझ्या बैठकांत अकरा माणसं असतात, अकराही जण घड्याळच बघतात. मी तुझ्यावर जळत होते, ताई. अजून जळते.

आता कामाचं. पाचवा परिच्छेद मन लावून वाच. प्रत्येक विद्यापीठाने, प्रत्येक शाखेत, हा विषय अनिवार्य ठेवायचा, त्यासाठी खोली, आठवड्याला दोन तास आणि नेमलेला शिक्षक द्यायचा. समितीत अर्ध्या लोकांना हे नको आहे. त्यांना ‘ऐच्छिक’ हवं, म्हणजे कुणालाच काही करायला नको. महाविद्यालयांचे अभिप्राय जुलैच्या दहा तारखेपर्यंत येतील. त्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. तू लिही. तुझ्याइतकं अधिकाराने दुसरं कोण लिहिणार?

आईला सांग, गुडघ्याचा पट्टा पाठवते आहे. माझ्यावरचा राग पत्राबरोबर पाकिटात घालून टाक, आणि पुढच्या पत्रात थोडा जिव्हाळा पाठव.

तुझीच,
बारकी


१२ जुलै

चि. बारकीस आशीर्वाद.

पट्टा पोचला, आई तो हौसेने सगळ्यांना दाखवते. परीक्षेच्या पेपरांत बुडालेली होते, त्यामुळे अभिप्रायाचं काही जमलं नाही. तुझे अध्यक्ष आणि तू मिळून काय ते योग्यच कराल. मी पडले खेड्यातली मास्तरीण, माझं कोण ऐकतं!

एक सहज विचारते, क्रमांकावरून नाव कुणालाच कळत नाही ना? आमच्या शिक्षकांत कुणी कुणी लिहिलंय, त्यांना भीती वाटते.

घाईत आहे. तू खूश राहा, मीही राहते.

ताई


२ ऑगस्ट

चि. बारकीस आईचे पोटभर आशीर्वाद.

ताई कॉलेजात गेली आहे म्हणून लिहायला बसले. तिला सांगू नकोस. मी लिहिलेलं ती वाचते आणि र्‍हस्व-दीर्घ काढत बसते.

तिचा शनिवारचा वर्ग बंद होतोय गं. परवा प्राचार्यांनी बोलावून ग्रंथालयामागच्या खोलीची किल्ली मागून घेतली. म्हणाले की वरून कळलंय, नवीन धोरणात तो विषय ऐच्छिक होणार आहे, मग इतकी वर्षं आपण उगीच खोली अडवली, तिथे नोकरीच्या मुलाखतींची तयारी घेऊ. पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत कुठे झाडाखाली वगैरे बसवा म्हणाले, मग मिटवून टाका. ताई घरी आली, किल्ली लावायच्या खिळ्याकडे बघितलं आणि कपडे न बदलता बसून राहिली. मी विचारलं तर म्हणते डोकं दुखतंय. बावीस वर्षांत तिचं शनिवारी डोकं दुखलेलं नाही.

मला तुमच्या धोरणातलं काही कळत नाही. पण एक सांगते. जुलैच्या सुरुवातीला ती चार दिवस बाबांच्या टाइपरायटरवर काहीतरी बडवत होती आणि मधूनमधून स्वतःशीच हसत होती. ते हसणं मला आवडलं नव्हतं. लहानपणी तू चित्राला बक्षीस आणलंस आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र पाण्यात पडलं, तेव्हा ती अशीच हसली होती. मग तीन दिवस जेवली नव्हती, तेही मला आठवतंय. आताही ताटात अन्न टाकते.

तुम्ही दोघी शहाण्या झालात असं मला लोक सांगतात. मला काही तसं दिसत नाही. तू काहीतरी कर. मला तुम्ही दोघीही सारख्याच, पण आज तिची काळजी जास्त वाटते, उद्या तुझी वाटेल.

पट्टा घट्ट होतो, मापाचा पाठवायला हवा होतास.

तुझी आई


९ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सोबत एक कागद जोडला आहे. अभिप्राय क्रमांक एकसष्ट. ‘हक्क हुकमाने शिकवता येत नाहीत. सक्ती केली की हक्काचा तास हा हजेरीचा तास होतो. ज्यांना कळकळ आहे त्यांनी शिकवावे, इतरांना मोकळे सोडावे.’ नाव नाही. पण टाइप केलेल्या प्रत्येक ‘क’ची शेपटी तुटलेली आहे. ती शेपटी मी आठ वर्षांची असताना तोडली होती, त्या मशीनवर हातोडीने अक्रोड फोडताना. बाबा ओरडले नाहीत, फक्त तू ओरडलीस. दोनशे चार अभिप्रायांतून तो कागद हातात आला आणि मी लगेच ओळखला.

आता माझी बाजू. तो कागद मी बाजूला ठेवू शकले असते. नात्यातल्या माणसाचा अभिप्राय आहे असं सांगून बैठकीबाहेर जाऊ शकले असते, खरं तर जायलाच हवं होतं. त्याऐवजी मी तो बैठकीत मोठ्याने वाचला. सबंध. छान वाचला. अध्यक्ष म्हणाले की हे प्रत्यक्ष वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाचं मत दिसतं, याच्यापुढे आपण काय बोलणार. ज्यांना ‘ऐच्छिक’ हवं होतं त्यांना घबाडच मिळालं. ‘अनिवार्य’ खोडलं गेलं. आणि मी थांबवलं नाही, ताई. मला माहीत होतं की याने पहिला बळी तुझ्या वर्गाचा जाणार. मनात आलं, जाऊ दे, तिच्याच हाताने जातोय. ज्या वर्गावर मी इतकी वर्षं जळले, तो जाताना बघायला मला बरं वाटलं. घरी जाईपर्यंत वाटलं. मग नाही वाटलं.

तुझ्या खोलीची किल्ली गेल्याचं मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस.

शेवटची बैठक तीस ऑगस्टला आहे. अभिप्राय देणाऱ्याला तोवर लेखी दुरुस्ती करता येते, मात्र दुरुस्ती नावानिशी द्यावी लागते. म्हणून तुझ्या पद्धतीप्रमाणे करते आहे. हे तुझं म्हणणं. वाच. हेच म्हणायचं होतं का तुला? हो असेल तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईचं मत म्हणून तेच कायम राहील. नसेल तर दुरुस्त कर.

तू रागावलीस तरी चालेल, गप्प बसू नकोस.

बारकी


२१ ऑगस्ट

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. दुसऱ्या दिवशी चिकटवलं. आईने विचारलं काय करतेस, तर म्हटलं पतंग करतेय.

आधी मनात आलं, ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं लिहून मोकळं व्हावं. कारण ते काही खोटं नाही गं! सक्तीने काय होतं ते मी बघितलंय. सक्तीच्या तासाला पोरं मागच्या दाराने हजेरी लावून जातात. खरं बोलून खोटेपणा करता येतो, हे मला या वयात कळलं.

शनिवारी वर्ग जिन्याखाली भरला होता. मी पोरांना सांगितलं की आज तक्रार माझी आहे, कुणीतरी वाचून दाखवा. कुणाची छाती होईना. प्रयोगशाळेतल्या मावशी पायरीवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, बाईंनी माझं तीनदा वाचायला लावलं होतं, आता त्यांचं मी वाचते. अक्षरावर बोट ठेवून त्या वाचायला लागल्या. पहिल्याच ओळीला थांबल्या. हक्क हुकमाने शिकवता येत नाहीत, हे त्यांनी पुन्हा वाचलं आणि मला विचारलं की मग माझे हातमोजे कुणाच्या हुकमाने आले. म्हणाल्या, कळकळ तर बाईंना पहिल्यापासून होती, पण कळकळ हातात घालता येत नव्हती. आदेश निघाला तेव्हा हातमोजे आले.

पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, दुरुस्त करा.

मावशींनी मग विचारलं की इतरांना मोकळे सोडावे म्हणजे कुणाला. मी म्हटलं, ज्या प्राचार्यांना नको आहे त्यांना. त्या म्हणाल्या, तुमच्याकडून किल्ली घेतली त्यांना? पोरं हसली. मीही हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं, तेही सगळ्यांदेखत. म्हटलं, हेही खोडा. दुसऱ्यांदा वाचलं, तरी काहीतरी राहत होतं. एका मुलीने धीर करून विचारलं की बाई, हे तुम्ही मुळात लिहिलंतच का. आपल्या वर्गाचा नियम आहे, तक्रार का केली हे तक्रारदाराच्या शब्दांत आलं पाहिजे. नियम मीच घातलेला.

तिसऱ्यांदा वाचल्यावर मी मान हलवली. सोबत जोडते. टाइप मशीनवर केलंय, क तसाच आहे.

‘अभिप्राय क्रमांक एकसष्टची दुरुस्ती. सक्ती विद्यार्थ्यावर नको, विद्यापीठावर हवी. मुलाने यावे की न यावे हे त्याने ठरवावे, पण खोली उघडी हवी, तास राखलेले हवेत आणि शिक्षक नेमलेला हवा, आणि हे कुणाच्या मर्जीवर राहू नये. माझ्या खोलीची किल्ली एका दिवसात काढून घेता आली, कारण ती मर्जीने मिळालेली होती. माझा आधीचा अभिप्राय मी मत्सरापोटी दिला. मसुदा लिहिणारी माझी धाकटी बहीण आहे. जे मी बावीस वर्षे केले त्यावर तिचे नाव यावे, हे मला सहन झाले नाही. वाचून दाखवले, बरोबर आहे.’

खाली माझं पूर्ण नाव आणि सही आहे. हे सरकारी फायलीत कायमचं राहणार, मला कल्पना आहे. प्राचार्य वाचतील, तुझे न्यायाधीश वाचतील. वाचू देत.

पण एक बघ. यात मी आपलं नातं उघड केलंय. याने तुला काही त्रास होणार असेल तर फाडून टाक, मी पुन्हा चिकटवणार नाही.

तुझी,
ताई


४ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

फाडलं नाही. तीस तारखेला मी उभी राहिले, एकसष्ट क्रमांक माझ्या बहिणीचा आहे आणि मी तो ओळखून वाचला होता, असं सांगितलं, तुझी दुरुस्ती अध्यक्षांच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बसले. दोन तास बाकावर बसले होते. आतून काही ऐकू येत नव्हतं.

‘सक्ती विद्यार्थ्यावर नको, विद्यापीठावर हवी’ हे वाक्य जसंच्या तसं पाचव्या परिच्छेदात गेलं. सहा विरुद्ध चार. ज्यांना आधी नको होतं त्यांतले दोघे फुटले. ‘मत्सरापोटी’ हा शब्द अध्यक्षांनी म्हणे दोनदा वाचला आणि हिरवं पेन बंद करून ठेवलं. न्यायाधीशाच्या खुर्चीत इतकी वर्षं बसून हा शब्द कुणी आपणहून लिहून दिलेला त्यांनी पाहिला नव्हता.

मला सचिवपदावरून काढलंय. नातं लपवून कागद वाचला, हे बरोबरच नव्हतं. आता मुखपृष्ठावर माझं नाव येणार नाही, कार्यालयातल्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याचं येईल. तो भला माणूस आहे, पण त्याने सातवा परिच्छेद अजून वाचलेला नाही.

मला वाईट वाटतंय, ताई. खूप वाटतंय. तुझ्याशी काय लपवायचं!

आईचा नवीन पट्टा मापाने घेतलाय. जमेल तेवढी आठवण काढ, मी इकडून उरलेली काढते.

तुझी,
बारकी


१३ सप्टेंबर

चि. बारकीस अनेक, अनेक आशीर्वाद.

प्राचार्यांनी काल किल्ली स्वतः आणून दिली. खिळ्याला लावली आहे. आज शनिवार, खोली झाडून घेतली, मावशी आल्या होत्या.

मुखपृष्ठावरून तुझं नाव गेल्याचं वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. दोन घास जास्त गेले. मग ताट तसंच ठेवून मी मोरीत जाऊन रडले, कारण हा मसुदा तुझा होता आणि तो माझ्या वर्गासाठी तू गमावलास. दोन्ही खरं आहे. दोन्ही या पत्रात लिहिलं, आईला वाचून दाखवलं आणि हेच म्हणायचं आहे का असं तिने विचारल्यावर हो म्हटलं.

मशीन तुझ्याकडे पाठवते आहे. क दुरुस्त करून घेऊ नकोस.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

तुझी,
ताई